डाळिंबी खुणेचा बोल्ट

त्याला सगळे करवत म्हणायचे. तोंडावर नाही, तेवढी कोणाची छाती नव्हती. पण त्याची पाठ वळली की करवतच. हे नाव ठेवलं शेजारच्या टायरवाल्याने, आणि ते असं चपखल बसलं की गिऱ्हाइकं फोनवर एकमेकांना पत्ता देतानासुद्धा 'टायरच्या दुकानाला लागून करवतीचं गॅरेज आहे ना, तिथे' असं बिनदिक्कत सांगायची.

आता अशा माणसाबद्दल चांगलं काय सांगायचं? गिऱ्हाईक येऊन म्हणालं, "मिस्त्री, बहुतेक बॅटरी गेलीय," की हा म्हणणार, "मग बॅटरीवाल्याकडे जा. इथे काय माझं तोंड बघायला आलात?" कोणी शेजारी उभं राहून काम बघायला लागलं, की हा पाना खाली ठेवून त्या माणसाकडे टक लावून बघत बसायचा. दोन मिनिटं, तीन मिनिटं. शेवटी तो बापडा ओशाळून भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसला की याचा पाना पुन्हा चालू. कोणाला 'बरं' म्हणेल, 'या' म्हणेल, तर शपथ!

तरी लोक यायचे. शिव्या खाऊन यायचे, कारण त्याच्या हाताखालून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत यायची नाही. चाळीस वर्षांत आपला एक नट सैल राहिलेला नाही, असं तो छाती ठोकून सांगायचा. आणि त्यामागे होती नेलपॉलिशची एक बाटली.

हसू नका, खरंच सांगतोय. फार वर्षांपूर्वी एकदा त्याने एका गाडीच्या चाकाचे नट आवळले की नाही यावरून घरात निम्मी रात्र घोर लावला होता. बायको वैतागली. दुसऱ्या दिवशी तिने आपली डाळिंबी रंगाची नेलपॉलिशची बाटली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "नट आवळला की त्याच्यावर याची एक रेघ मार. रेघ दिसली की गप झोप. माझं डोकं खाऊ नकोस." तेव्हापासून प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर त्याची रेघ असायची. बोल्टच्या डोक्यावरून निघून शेजारच्या लोखंडावर उतरलेली. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटून दोन व्हायची. बायको जाऊन सहा वर्षं झाली. ती बाटली मात्र त्याने मरू दिली नव्हती. आतला रंग घट्ट व्हायला लागला की थिनरचे दोन थेंब टाकायचे, हलवायची, पुन्हा चालू. दुसऱ्या कोणी त्या बाटलीला हात लावलेला त्याला खपायचा नाही. चुकलेली रेघ पुसायला थिनरचा बोळा कायम पँटच्या मागच्या खिशात असायचा.

मुलगी एकच. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची, बारीक कामाची, बापासारखीच नजरेची पक्की. तिने नवरा स्वतः शोधला, आणि शोधून शोधून शोधला तो मेकॅनिक! तोही कसला, तर मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमधला. इस्त्रीचा गणवेश घालणारा, गाडीला वायर जोडून बिघाड पडद्यावर वाचणारा. करवतीच्या अंगाचा तिळपापड झाला. मुलीने वकील आणला असता, वाजंत्री आणला असता, तरी त्याने दोन दिवस धुसफुस करून सोडून दिलं असतं. पण हा तर त्याच्याच अंगणात येऊन त्यालाच शिकवणार!

आणि झालंही तसंच. वर्षभरापूर्वी ते वर्कशॉप बंद पडलं आणि मुलीच्या शब्दाखातर जावई सासऱ्याच्या गॅरेजात कामाला आला. गॅरेजच्या वर दोन खोल्या होत्या, बाहेरून लोखंडी जिना होता. तिथे मुलगी-जावई राहायला लागले. करवत खाली मागच्या खोलीत.

करवत त्याला 'जावईबापू' म्हणायचा आणि 'तुम्ही' म्हणायचा. न कळणाऱ्याला वाटावं, केवढा मान! "जावईबापू, तुम्ही बसा हो, हात काळे व्हायचे. जावईबापू, जरा तुमच्या पडद्याला विचारता का, हे खाली गोल गोल दिसतंय त्याला चाकच म्हणतात ना?" गिऱ्हाइकांसमोर, टायरवाल्यासमोर, कोणाही समोर.

जावईही काही गरीब गाय नव्हता. तोंडाने एक शब्द बोलायचा नाही, पण सासऱ्याने वापरून ठेवलेला पाना उचलताना आधी फडक्याने पुसायचा, समोरच्याला दिसेल असा, सावकाश. एका रविवारी त्याने भिंतीवर फळी ठोकून सगळे पाने मापाप्रमाणे टांगले आणि खाली चिठ्ठ्या चिकटवल्या. सोमवारी करवतीने सगळ्या चिठ्ठ्या फाडून जावयाच्या डब्यात भरून ठेवल्या. डबा उघडल्यावर जावयाने त्या काढून टाकल्या आणि पोळी खाल्ली. असं चाललं होतं. मुलगी दोघांच्या मध्ये उभी राहून पार मेटाकुटीला आली होती.

तर त्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला टॅक्सीवाली बाई आली. पन्नाशीची, ठणठणीत, पंधरा वर्षं स्वतःची टॅक्सी चालवणारी. तिने बॉनेट उघडूनच ठेवलं.

"मिस्त्री, पट्टा नाचतोय. वळताना स्टिअरिंग पण जड लागतं. उद्या सकाळी चार माणसं घेऊन घाटात जायचंय मला."

"नाचतोय तर तुम्ही टाळ्या वाजवा," करवत म्हणाला आणि उजेडाची बॅटरी पेटवून वाकला.

इंजिन चालू होतं. पट्टा खरंच थरथरत होता, पण पट्ट्याचा काही दोष नव्हता. क्रँकच्या टोकाला बसवलेली पुली, जी इंजिनाबरोबर फिरते आणि पट्ट्याला फिरवते, ती डुगडुगत होती. फिरताना तिची कड एकदा आत जायची, एकदा बाहेर यायची. करवतीने एक डोळा मिटून ते बघितलं आणि त्याला आठवलं: तीन आठवड्यांपूर्वी याच गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतला पट्टा, बदलला होता. त्यासाठी हीच पुली काढावी लागते. आणि ते काम कोणी केलं होतं? जावईबापूंनी!

त्याचा चेहरा असा उजळला की टॅक्सीवाली बाई घाबरली. या माणसाला हसताना तिने कधी बघितलं नव्हतं.

"बंद करा गाडी," तो म्हणाला. मग रस्त्याकडे तोंड करून ओरडला, "अहो टायरवाले! या जरा, कंपनीच्या माणसाचं काम बघून जा!" आणि जिन्याकडे मान वर करून, "ए पोरी! खाली ये. तुझ्या नवऱ्याचं कौतुक आहे."

मुलीची त्या दिवशी आठवड्याची सुट्टी होती. ती ओल्या केसांना टॉवेल गुंडाळूनच खाली आली. जावई मागच्या बाजूला एका गाडीचं ऑइल काढत होता, तो हात पुसत पुढे आला. टायरवाल्याला फुकटचा तमाशा कोणी दाखवणार असेल तर तो दुकान उघडं टाकून येणाऱ्यातला.

"मिस्त्री, आधी गाडीचं बघा ना," बाई म्हणाली.

"गाडीचंच बघतोय. पण सगळ्यांदेखत बघणार. नंतर कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने खोटा आळ घेतला."

आणि मग त्याने जे केलं, ते वैर बाजूला ठेवलं तर बघण्यासारखं होतं. जॅक लावला, ठोकळे दिले, उजवं पुढचं चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं आवरण काढलं. पुली बाजूने उघडी पडली. पुलीचे दोन भाग असतात, मधला गाभा आणि बाहेरचं कडं. दोघांच्या मध्ये रबराची चकती. त्याने खडूने गाभ्यापासून कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"बाई, गाडी चालू करा. मोजा वीसपर्यंत. बंद करा."

तिने केलं. रेघ होती तशी सरळ.

"रबर गेलं असतं तर कडं मागे राहिलं असतं आणि रेघ तुटली असती. तुटली? नाही. म्हणजे रबर ठीक. जावईबापू, लिहून घेताय ना?"

जावई हात पुसत राहिला. करवतीने खडूचा तुकडा एका सळईच्या टोकाला बांधला, कोपर मडगार्डला टेकवलं आणि गाडी पुन्हा चालू करायला लावली. फिरत्या कड्याच्या जवळ त्याने खडू इतका हळू नेला की टायरवाल्याने श्वास रोखला. टिक, टिक, टिक, टिक. खडू सलग घासत नव्हता. दर फेऱ्याला एकदाच शिवत होता. मग तोच खडू त्याने मधल्या गाभ्याजवळ नेला. तिथेही टिक, टिक. गाडी बंद केली. कड्यावर पांढरा डाग एकाच बाजूला होता, आणि गाभ्यावरही बरोबर त्याच बाजूला.

"नुसतं कडं वाकलं असतं तर गाभ्याला सगळीकडून सारखा खडू लागला असता. दोन्ही एकाच बाजूला बाहेर येतायत. म्हणजे अख्खी पुली तिरकी बसलीय. आता राहिली दोनच कारणं. एक तर शाफ्ट वाकला. बाई, ठोकलीत का कुठे गाडी?"

"मी? पंधरा वर्षांत आरसासुद्धा फुटलेला नाही!"

"मग दुसरं कारण. मधला बोल्ट सैल." त्याने हात झटकले आणि सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. "तीन आठवड्यांपूर्वी बांधला कोणी? काटेवाला पाना घेऊन फिरतात ना आपले साहेब? काटा बघून बोल्ट आवळणारे?"

आता जावई बोलला. "बाबा, शेवटचा पाना माझा नव्हता."

"काय?"

"पुली मी बसवली. बोल्ट हाताने लावला. आवळायला पाना घेतला तेव्हा तुम्ही तो माझ्या हातातून हिसकावून घेतलात आणि मला बाहेर जा म्हणालात. आठवून बघा."

"घ्या! आता माझ्यावर खापर!" करवतीचा आवाज असा चढला की समोरच्या फुटपाथवरची माणसं थबकली. "या हातावर खापर फोडताय? माझा हात लागला असेल तर माझी खूण असेल त्याच्यावर. सगळ्या गावाला माहितीय. चला, ऐका सगळे. खूण निघाली तर मी आत्ताच्या आत्ता या गॅरेजातून चालता होईन, पुन्हा पाय ठेवणार नाही. आणि नाही निघाली, तर यांनी जायचं. वरच्या खोल्याही सोडायच्या. आहे कबूल?"

"बाबा!" मुलगी म्हणाली. "काय बोलताय? एका बोल्टपायी?"

"कबूल," जावई म्हणाला. तोही आता पेटला होता. वर्षभराचं साठलेलं होतं. मुलीने नवऱ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि कपाळाला हात लावून बाकावर बाईच्या शेजारी बसली.

क्रँकचा बोल्ट पुलीच्या मधल्या खळग्यात खोल असतो. बॅटरी धरून, चाकाच्या जागी खांदा घालून, मान वाकडी करून एका वेळी एकालाच तो दिसतो. करवत आत घुसला. दोन बोटं बोल्टच्या डोक्याला लावली. बोल्ट बोटांनीच फिरला, चांगला अर्धा वळसा. बघितलंत? तो मनात म्हणाला. सांगितलं नव्हतं मी?

बोल्टवर तेलकट धूळ बसली होती. त्याने ती अंगठ्याने पुसली.

खाली डाळिंबी रेघ होती.

बोल्टच्या डोक्यावर अर्धी, पुलीवर अर्धी, मध्ये तुटलेली. करवत तसाच मान वाकडी करून पडून राहिला. त्याला आधी वाटलं, कोणीतरी बाटली चोरून रेघ काढलीय. मग हळूहळू तो दिवस पुढे यायला लागला, नको नको म्हणत असताना.

त्या दिवशी त्याने जावयाच्या हातातून पाना काढून घेतला होता, हे खरंच. "काटे बघायचे तर घड्याळाच्या दुकानात जा," असं म्हणाला होता, आणि जावई पाना टाकून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला होता. मग करवतीने आपला पाना बोल्टला लावला, त्याच्या दांड्यात लांब पाइप घातला आणि जोर दिला. पण हा बोल्ट एकट्याने आवळायचा नसतो. जोर दिला की बोल्टबरोबर इंजिनच फिरतं. गाडी वरच्या गियरमध्ये टाकून दुसऱ्या माणसाने आत बसून ब्रेक घट्ट दाबून धरावा लागतो, तेव्हा कुठे तो बोल्ट बसतो. हे त्याला माहीत नव्हतं का? चाळीस वर्षं तो तेच करत होता. आधी बायको ब्रेकवर बसायची, मग मुलगी.

त्या दिवशी ब्रेकवर बसायला रस्त्यापलीकडे एक माणूस उभा होता. त्याला हाक मारायची होती फक्त. आणि ती हाक करवतीच्या तोंडून निघेना. आत्ताच हाकललेल्या माणसाला 'या, जरा ब्रेक दाबा' म्हणायचं? मेलो तरी नाही! त्याने पाइप ओढला, इंजिन फिरलं. पुन्हा ओढला, गाडी गदागदा हलली. टायरवाला मोकळा झाला की त्याला बोलावू, तोवर पुढचं काम उरकू, असं म्हणत त्याने हात पुढे चालू ठेवले. आणि रागाच्या भरात, सवयीने, खिशातून बाटली काढून रेघ मारून टाकली. रेघ दिसली की काम झालं. डोक्यातून ते गेलंच.

बाहेरून टायरवाल्याचा आवाज आला, "काय मिस्त्री, झोपलात का आत?"

करवतीने रेघेवर अंगठा दाबून धरला. जावं लागेल. सगळ्यांदेखत बोललाय, तो काय पोराटोरांचा शब्द होता? आणि त्याच्यासमोर? त्या चिठ्ठ्या चिकटवणाऱ्यासमोर मान खाली घालून मागच्या खोलीतली ट्रंक उचलायची? त्याचा हात मागच्या खिशात गेला. थिनरचा बोळा ओला होता. दोनदा फिरवला, की सहा वर्षं जपलेला तो रंग बोळ्यावर आला.

तो बाहेर निघाला, उभा राहिला, बोळा खिशात कोंबला.

"सैल आहे," तो म्हणाला. "खूण नाही."

बाकावर बसलेल्या मुलीने डोक्याचा टॉवेल ओढून तोंडाला लावला. टायरवाल्याला आता इथे थांबण्यात मजा नव्हती. भांडण बघायला आलेला माणूस रडणं बघायला थांबत नाही. तो 'बघतो हं जरा' म्हणून सटकला.

जावई पुढे आला. त्याने बॅटरी घेतली, आत मान घातली. बराच वेळ बघितलं. सगळी पुली, सगळं इंजिन तेलकट धुळीने काळं होतं आणि मधोमध एकच बोल्टचं डोकं लख्ख चकाकत होतं. तो बाहेर आला. बॅटरी विझवून सासऱ्याच्या हातात दिली आणि त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला,

"थिनरचा वास येतोय, बाबा."

एवढंच. ओरडला असता, गळा धरला असता तर करवतीला बरं वाटलं असतं. त्याला भांडता तरी आलं असतं. जावई जिना चढून वर गेला. मुलगी त्याच्यामागे धावली. वरून कपाट उघडल्याचा, काहीतरी ओढल्याचा आवाज यायला लागला. तिने मोठ्याने काही विचारलेलं ऐकू आलं, त्याचं उत्तर ऐकू आलं नाही.

करवत खाली उभा. टॅक्सीवाली बाई त्याच्याकडे बघत होती.

"मिस्त्री, माझी गाडी?"

"करतो ना! पळून चाललोय का?"

त्याने बोल्ट काढला, पुली काढली. शाफ्टच्या खाचेत बसवलेली बोटाच्या पेराएवढी लोखंडी चावी, जी पुलीला जागेवर धरते, ती अजून शाबूत होती. कड थोडी चुरली होती. उद्या गाडी अशीच घाटात नेली असती, तर पुली सुटून बाहेर आली असती आणि टॅक्सी, बाई, चार माणसं... त्याने पुढचा विचार केला नाही. नवी चावी टाकली, पुली पुसून सरळ बसवली, बोल्ट हाताने लावला. पाना लावला. पाइप घातला. आणि थांबला.

वर जिन्याच्या तोंडाशी पहिली बॅग येऊन पडली होती.

"बाई," तो म्हणाला. "जरा गाडीत बसा. पाचवा गियर टाका. मी सांगेन तेव्हा ब्रेक दाबून धरा."

बाई बसली. तिने ब्रेक दाबला, त्याने पाइपवर भार टाकला. गाडी करकरली. बाईचा पाय घसरला आणि इंजिन फिरलं.

"दाबा म्हटलं ना!"

"दाबतेय की! एवढा जोर लागतो होय याला?" ती खिडकीतून डोकं काढून म्हणाली. मग तिच्या डोक्यात काहीतरी आलं. तिच्या मनात काही नव्हतं. गाडी तिची होती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मग मागच्या वेळी ब्रेक कोणी दाबला होता हो?"

करवत पाइपवरची पकड बदलत राहिला.

"नाही, मी तर त्या बाकावरच होते, गाडी होईपर्यंत. तुमचे जावई त्या तिकडे रस्त्यापलीकडे उभे होते, तुम्ही ओरडल्यावर गेले ते आलेच नाहीत. तुम्ही एकटेच तिथे खाली पाइप घालून ओढत होतात, गाडी नुसती हलत होती. तो हाच बोल्ट, हे मला आत्ता कळतंय. माझ्या गाडीत तर कोणी बसलंच नव्हतं."

जिन्यावर पावलं वाजत होती, ती थांबली. मुलगी दुसरी बॅग हातात घेऊन मधल्या पायरीवर उभी होती. बोल्ट कसा आवळतात हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. शाळेत असल्यापासून ती ब्रेकवर बसत आली होती.

"बाबा," ती म्हणाली. "ब्रेक कोणी दाबला होता?"

करवतीने पाइप सोडला. आयुष्यभर त्याच्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं, आणि सुरी फिरवल्यासारखं उत्तर होतं. आता त्याने काळे हात पँटला पुसले.

"कोणीच नाही," तो म्हणाला.

"खूण होती?"

त्याने मान हलवली. हो म्हणून. मग खिशातला बोळा काढून तिच्यासमोर धरला. काळ्या डागांमध्ये एक डाळिंबी डाग होता.

मुलीने बॅग पायरीवर ठेवली. ती खाली आली, गाडीचं दार उघडलं आणि बाईला म्हणाली, "मावशी, तुम्ही उतरा. याला पाय कसा द्यायचा ते मला माहितीय." आत बसून तिने सीट पुढे ओढली, पाठ टेकवली आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. समोर बघत म्हणाली, "ओढा."

त्याने ओढला. गाडी जागची हलली नाही. बोल्ट कुरकुरत पाव वळसा गेला, मग आणखी थोडा, मग जाईना. त्याने तीनदा भार टाकून बघितला. तिने पाय ढळू दिला नाही, आणि त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही.

"बसला," तो म्हणाला.

सवयीने त्याचा हात वरच्या खिशात गेला आणि बाटली बाहेर आली. झाकण फिरवतोय तेवढ्यात समोर मुलीचा हात आला, तळवा वर करून.

"ती आईची आहे. द्या इकडे."

"अगं, पण..."

"द्या."

त्याने दिली. तिने झाकण घट्ट लावलं आणि बाटली खांद्यावरच्या पर्समध्ये टाकली. तोवर जावई उरलेलं सामान घेऊन खाली आला होता. तो सासऱ्याकडे न बघता रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. मागच्या वेळी उभा होता त्याच जागी.

"खूण निघाली तर मी चालता होईन म्हणाला होतात," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. "तुम्ही या वयात कुठे जाणार, बाबा? म्हणून आम्ही जातो."

करवत काहीतरी बोलायला गेला. 'जावईबापू' एवढा शब्द ओठावर आला, आणि वर्षभर तो ज्या चवीने तोंडात घोळवला होता ती चव आठवून त्याने तो गिळला. दुसरा शब्द त्याला येत नव्हता. मुलीने पायरीवरची बॅग उचलली. दोघं कोपऱ्यापर्यंत चालत गेली, मग दिसेनाशी झाली.

त्याने चाक बसवलं. नट आवळले. गाडी खाली घेतली, चालू केली, बॅटरी मारली. पुली इतकी सरळ फिरत होती की फिरतेय हेसुद्धा कळत नव्हतं. टॅक्सीवाली बाई वाकून बघत होती, आणि आज पहिल्यांदाच करवतीने कोणाला बघू दिलं.

"झाला का घट्ट?"

"झाला."

"आणि ती तुमची लाल खूण? ती नाही केलीत? उद्या घाट आहे मिस्त्री, माझ्या जिवाला घोर नको."

"खूण नाही लागत," करवत म्हणाला. "या वेळी ब्रेकवर माझी मुलगी होती."